इतिहासाची व्हाउचरे

वाणिज्य शाखेत आल्यावर पहिल्याच वर्षी एक नियम आमच्याकडून पाठ करून घेतला जातो : व्हाउचर नसेल तर कीर्दीत नोंद नाही. रक्कम कितीही खरी असो, सांगणारा कितीही भरवशाचा असो, कागद हवाच. त्यावर तारीख हवी, पैसे कोणाला व कशासाठी दिले ते हवे, आणि सही हवी. हिशेबतपासनीस ताळेबंदापासून मागे मागे जात अखेर त्या लहानशा कागदापाशी येऊन थांबतो. आमचे विज्ञान शाखेचे मित्र याला कारकुनी म्हणून हसतात. तथापि गेल्या सुट्टीत आपल्या भागातील जुने उद्योगधंदे आणि नागरी सुधारणा यांविषयी वाचताना व त्या काळची छायाचित्रे पाहताना मला असे वाटू लागले की, हा कारकुनी नियम इतिहासालाही तंतोतंत लागू आहे. जुना फोटो आणि जुने पत्र ही इतिहासाची व्हाउचरेच होत. मात्र ती एकमेकांशी ताडून पाहावी लागतात. एकट्या फोटोवर किंवा एकट्या पत्रावर विसंबले तर खाते जुळत नाही. हेच मी प्रस्तुत लेखात काही उदाहरणांनी सांगणार आहे.

एक राज्य, अनेक लिप्या

'आपला भाग' म्हणजे कोणता, हे आधी सांगितले पाहिजे. आपल्या वार्षिक अंकात मराठी आणि कन्नड असे दोन विभाग शेजारी शेजारी छापले जातात, यामागे इतिहास आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद हे एकच राज्य होते. त्या दिवशी त्याचे तीन भाग झाले. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे मराठवाड्याचे पाच जिल्हे त्या वेळच्या मुंबई राज्यात गेले. बीदर, गुलबर्गा व रायचूर हे कन्नड जिल्हे म्हैसूर राज्यात गेले. तेलंगणाचे जिल्हे आंध्र प्रदेशात गेले आणि पुढे २ जून २०१४ रोजी त्यांचे स्वतंत्र राज्य झाले. माणसे, जमिनी आणि कचेऱ्या वाटल्या गेल्या. जुन्या राज्याच्या मध्यवर्ती दप्तराचा मोठा भाग मात्र राजधानीत, म्हणजे आपल्या हैदराबादेतच राहिला. तारनाक्याला उस्मानिया विद्यापीठाजवळ जे राज्य अभिलेखागार आहे, तेथे मोगल काळातील फारसी कागदांपासून निजाम सरकारच्या उर्दू फायलींपर्यंत लक्षावधी कागद आहेत.

याचा अर्थ असा की, नांदेडच्या किंवा कलबुर्गीच्या माणसाला आपल्या गावची जुनी हकीकत शोधायची असेल तर त्याला हैदराबादची वाट धरावी लागते. हे केवळ अभ्यासकांपुरते खरे नाही. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली नेमलेली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती मराठवाड्यातील कुणबी नोंदींच्या शोधासाठी निजामकालीन कागद पाहण्यास हैदराबादला आली होती. राज्य जाऊन पंचाहत्तर वर्षे झाली तरी त्याच्या दप्तरातील एका ओळीवर लोकांचे आजचे हक्क अवलंबून असू शकतात. एवढे सांगितले म्हणजे हा विषय धूळ झटकण्याचा नाही, हे वाचकांच्या लक्षात येईल.

पूर : फोटोतला आणि अहवालातला

पहिले उदाहरण आपल्या शहराचेच घेऊ. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसा नदीला महापूर आला. अफझल पूल, मुसल्लम जंग पूल व चादरघाटचा पूल वाहून गेले. १५७८ साली बांधलेला पुराना पूल तेवढा टिकला. सुमारे १५ हजार माणसे दगावली असा अंदाज सांगितला जातो. अफझलगंजच्या इस्पितळातील चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे लोक वाचले, आणि ते झाड उस्मानिया इस्पितळाच्या आवारात लोक आजही दाखवतात.

या पुरानंतरची छायाचित्रे अनेकांनी पाहिली असतील. कोसळलेली घरे, तुटलेल्या कमानी, चिखलात अर्धी बुडालेली भिंत आणि तिच्यावर उभे असलेले दोन-तीन लोक. त्यांतील दुःख समजायला कोणतीही भाषा येण्याची गरज नाही. पण पूर का आला, हे फोटो सांगत नाही. तो पाऊस पडून गेल्यावर काढलेला असतो.

कारण सापडते ते एका अहवालात. निजाम सरकारने या कामासाठी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना बोलावले. ते तेव्हा मुंबई सरकारच्या नोकरीतून निवृत्ती घेऊन युरोपच्या प्रवासात होते. १९०९ साली त्यांनी हैदराबादला येऊन काम सुरू केले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात आपला अहवाल दिला. हा कन्नड माणूस शिकला पुण्याच्या सायन्स कॉलेजात, नोकरी केली नाशिक, खानदेश व पुणे भागात, आणि खडकवासल्याच्या धरणावर आपोआप उघडणारे दरवाजे बसवून नाव मिळवले. आपल्या अंकाच्या दोन्ही विभागांनी त्यांच्यावर सारखाच हक्क सांगावा असे ते गृहस्थ होते.

विश्वेश्वरय्यांनी नदीकाठी पाहणी केलीच, पण शहराच्या वरच्या बाजूचे सारे पाणलोट क्षेत्रही अभ्यासले. सुमारे ८६० चौरस मैलांच्या त्या क्षेत्रात ७८८ तलाव होते, आणि त्यांपैकी २२१ त्या पावसात फुटले होते. म्हणजे दर चौरस मैलाला जवळजवळ एक तलाव! वरचा फुटला की त्याचे पाणी खालच्यावर, तो फुटला की आणखी खालच्यावर, असा लोंढा वाढत शहरापर्यंत आला. यावरून त्यांनी उपाय सुचवला तो शहरात केवळ उंच भिंती बांधण्याचा नव्हता. मुसा आणि तिची उपनदी ईसा यांच्यावर शहराच्या वर दोन मोठे जलाशय बांधून पुराचे पाणी तेथेच अडवावे, अशी ती योजना होती. उस्मानसागर १९२० साली आणि हिमायतसागर १९२७ साली पूर्ण झाला. १९१२ साली नगर सुधारणा मंडळ स्थापन झाले आणि नदीकाठ, रस्ते, वस्त्या यांची नवी आखणी सुरू झाली. पुढे कित्येक वर्षे आपण ज्या तलावांचे पाणी प्यायलो, ते मूळचे पुराच्या बंदोबस्तासाठी योजलेले होते, ही गोष्ट फोटो पाहून कळली नसती.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. अहवालात २२१ हा आकडा आहे, पण भिंतीवर उभा असलेला तो माणूस नाही. एकात कारण सापडते, दुसऱ्यात परिणाम. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर एक जमेची बाजू आणि एक नावेची. दोन्ही मांडल्याशिवाय खतावणी पूर्ण होत नाही.

फोटोचे बिल कोणी दिले?

हिशेबतपासनीस आणखी एक प्रश्न विचारतो : पैसे कोणी दिले? जुन्या फोटोबाबत हा प्रश्न फार उपयोगी पडतो.

हैदराबादच्या जुन्या छायाचित्रांचा विषय निघाला की राजा दीनदयाळ यांचे नाव येतेच. मीरतजवळच्या सरधना येथे १८४४ साली त्यांचा जन्म झाला. रुडकीला स्थापत्याचे शिक्षण घेऊन ते इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीस लागले, आणि तेथे कॅमेरा हाती घेतला. पुढे ते हैदराबादला सहावे निजाम महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार झाले. सिकंदराबाद, हैदराबाद आणि मुंबई येथे त्यांचे स्टुडिओ होते. पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओही होता. १९०५ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या स्टुडिओतील २,८५७ काचेच्या निगेटिव्ह १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने मिळवल्या, म्हणून त्या आज सुरक्षित आहेत.

येथे तारखेचे महत्त्व पाहा. १९०८ च्या पुराच्या एखाद्या चित्राखाली 'छायाचित्रकार : राजा दीनदयाळ' असे कोणी छापले, तर ते मान्य करता येणार नाही, कारण ते तीन वर्षांपूर्वीच वारले होते. त्यांच्या पश्चात 'राजा दीनदयाळ अँड सन्स' या नावाने स्टुडिओ चालू होता. काम मुलांचे असू शकेल. एक मृत्युतारीख माहीत असली की चुकीची नोंद जागच्या जागी पकडता येते.

आता बिलाचा प्रश्न. दरबारी छायाचित्रकाराने काय टिपावे, हे बव्हंशी दरबार ठरवणार. १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळाच्या सुमारास औरंगाबाद जिल्ह्यात झालेल्या सरकारी कामांचा एक अल्बम दीनदयाळ यांच्या स्टुडिओने तयार केला. तो लॉर्ड कर्झनच्या संग्रहातून लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत गेला आहे. रस्ते, तलाव, इमारती, कामावरचे लोक. सारे नीट मांडलेले. हा अल्बम खोटा आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. ती कामे झाली होती आणि त्यांतील काही मराठवाड्यात आजही वापरात असतील. परंतु तो राज्यकर्त्यांनी वरिष्ठांना दाखवण्यासाठी केलेला अल्बम आहे, हे ध्यानात ठेवूनच तो पाहिला पाहिजे. जी माणसे कामापर्यंत पोहोचलीच नाहीत, ती त्यात दिसणार नाहीत. त्यांच्यासाठी दुष्काळाचे अहवाल, जनगणनेचे तक्ते आणि घराघरांतील पत्रे शोधावी लागतील.

आगगाडीमागचा करार

दुसरे उदाहरण रेल्वेचे. वाडी ते सिकंदराबाद ही लाइन १८७४ साली सुरू झाली आणि हैदराबाद मुंबईशी जोडले गेले. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड असा येणारा मार्ग विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी पूर्ण झाला. जुन्या स्टेशनांचे, पुलांचे, इंजिनांचे फोटो सुंदर असतात. इंजिनाशेजारी टोपी घालून उभा असलेला साहेब आणि डब्यांच्या पाट्यांवरची अक्षरे. पण त्या रेल्वेचे पूर्ण नाव पाहा : 'निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे'. या 'गॅरंटीड' शब्दाचा अर्थ फोटोत नाही, करारात आहे. १८८३ च्या करारान्वये लंडनमधील कंपनीच्या भागधारकांना वीस वर्षे पाच टक्के व्याजाची हमी निजाम सरकारने दिली होती. रेल्वेला नफा होवो वा न होवो, भागधारकाचे पाच टक्के ठरलेले. तूट आली तर ती राज्याच्या खजिन्यातून, म्हणजे अखेर शेतसारा भरणाऱ्या रयतेच्या खिशातून भरली जाणार. १९३० साली राज्याने ही रेल्वे विकत घेतली.

ही योजना चांद्यापर्यंत, म्हणजे आजच्या चंद्रपूरपर्यंत लाइन नेण्याच्या बेताशी जोडलेली होती. तिचा तपशील जनतेला कळावा अशी मागणी १८८३ साली हैदराबादेत काही शिक्षित नागरिकांनी केली. त्यांत निजाम कॉलेजशी ज्यांचे नाव जोडले जाते ते अघोरनाथ चट्टोपाध्याय, म्हणजे सरोजिनी नायडू यांचे वडील, प्रमुख होते. सरकारने त्यांना राज्याबाहेर घालवले. काही वर्षांनी ते परत आले. मागणी काय होती? करार दाखवा, हिशेब दाखवा. कागद पाहण्याचा हक्क मागितल्याबद्दल एका प्राध्यापकाला शहर सोडावे लागले, ही गोष्ट आपल्या शहराच्या नागरी इतिहासात ठळकपणे लिहिली जावी असे मला वाटते. रेल्वेच्या कोणत्याही फोटोत ती सापडणार नाही.

फसली साल आणि हाली रुपया

कागद हाती आला तरी तो वाचण्यासाठी दोन किल्ल्या लागतात. पहिली सालाची. निजाम राज्याचा कारभार फसली सालाने चाले. हे साल ऑक्टोबरात सुरू होई. आजूर, दय, बहमन अशी त्याच्या महिन्यांची नावे. फसली सालात ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी ५९० आणि पुढच्या महिन्यांसाठी ५९१ मिळवले की इसवी सन मिळतो. हा हिशेब माहीत नसला तर शोध फसतो. उदाहरणार्थ, मुसेचा पूर १३१७ फसलीच्या अगदी अखेरीस आला. थोड्याच दिवसांत १३१८ साल लागले. साहजिकच मदतीचे, नुकसानभरपाईचे व दुरुस्तीचे बहुतेक कागद पुढच्या सालाच्या खाती पडणार. १३१७ चे रुमाल सोडून बसणाऱ्याला वाटेल की सरकारने काही केलेच नाही!

दुसरी किल्ली रुपयाची. राज्याचा स्वतःचा हाली रुपया होता, आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा कलदार. मराठवाड्यातील वडीलधाऱ्या मंडळींच्या बोलण्यात हे दोन्ही शब्द येत. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा सर्वसाधारण भाव. म्हणजे १०० कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली पडत. पत्रात नुसते 'रुपये' लिहिले असले तर ते कोणते, हे ठरवल्याशिवाय मजुरीची वा कापसाच्या भावाची मुंबईशी तुलना करणे व्यर्थ होय.

तीन गिरण्या आणि आमच्या घरचा एक फोटो

या राज्यात कापूस मराठवाड्यात व कर्नाटकात भरपूर पिके. त्यावर कापडगिरण्या उभ्या राहिल्या. गुलबर्ग्याची महबूबशाही गिरणी एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकातील. नांदेडची उस्मानशाही गिरणी १९२० नंतरच्या दशकातील. वरंगळची आझमजाही गिरणी १९३४ ची. कन्नड, मराठी आणि तेलुगू प्रदेशात प्रत्येकी एक, असा जणू योगायोगच. १९२९ साली सरकारने उद्योगांना भांडवल पुरवण्यासाठी औद्योगिक विश्वस्त निधी काढला होता. आज या तिन्ही गिरण्या बंद आहेत. कलबुर्गीत 'एम्. एस्. के. मिल' हे नाव वस्तीच्या रूपाने उरले आहे. 'गिरणी' हा शब्द कन्नडातही जसाच्या तसा आहे. हुबळीतही गिरणी चाळ आहे. शब्द टिकला, भोंगा थांबला.

गिरणी बंद पडते तेव्हा यंत्रांचा लिलाव होतो, जमिनीची किंमत ठरते. हजेरीपट, पगारपत्रके, कामगारांचे अर्ज यांना मात्र ताळेबंदात किंमत नसते, आणि म्हणून ते रद्दीत जातात. अशा वेळी इतिहास उरतो तो कामगारांच्या घरी.

आमच्याच घरचे उदाहरण देतो. माझे आजोबा मराठवाड्यातील एका कापडगिरणीत ताणा खात्यात होते. त्यांच्या खात्याचा एक समूह-फोटो आमच्याकडे आहे. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, कडा कुरतडलेल्या. तीन रांगांत एकतीस माणसे. मधोमध खुर्चीवर अधिकारी, पायांशी जमिनीवर बसलेली दोन अगदी लहान मुले. सर्वांची नजर ताठ, टोप्या नीट. खाली कोणाचेही नाव नाही. घरात इतकेच माहीत होते की मागच्या रांगेत डावीकडून चौथे ते आजोबा.

पुढच्या रांगेसमोर एक पाटी ठेवली आहे. तिच्यावरची अक्षरे उर्दू. आमच्या शेजारी राहणाऱ्या निवृत्त उर्दू शिक्षकांनी भिंग लावून ती वाचली : खात्याचे नाव आणि साल १३५२ फसली. वर सांगितलेल्या हिशेबाने ऑक्टोबर १९४२ ते ऑक्टोबर १९४३. दुसरे महायुद्ध चालू होते.

नंतर आत्याकडच्या पत्र्याच्या डब्यात आजोबांची काही पोस्टकार्डे निघाली. निजामाच्या टपालखात्याची तिकिटे, बाळबोध मराठी अक्षर. त्यांतील एका कार्डावरचा शिक्का त्याच वर्षीचा आहे. थोरल्या भावाला लिहिले आहे की रात्रपाळी सुरू झाली, पगार आता ३५ रुपये झाला, त्यातले दहा मनीऑर्डरने पाठवतो, गावी ज्वारीचा भाव काय ते कळवावे. एवढाच मजकूर. ३५ रुपये हाली धरले तर कलदार बरोबर ३०. मी फोटो आणि कार्ड शेजारी ठेवून पाहिले. फोटोतली माणसे ज्या ताठपणे उभी आहेत, त्यांपैकी काही कदाचित रात्रभर काम करून आलेली असतील. युद्धामुळे कापडाला मागणी वाढली होती हे पुस्तकात असते. त्या मागणीमुळे एका घरात दहा रुपये जास्त आले की धान्याच्या भावाने ते गिळले, हे त्या कार्डावरच्या प्रश्नात आहे. उत्तराचे कार्ड मात्र आमच्याकडे नाही.

आईकडचे दुसरे उदाहरण. माझे आजोळ बीदरकडचे, घरातील बोलणे कन्नड. आईच्या मामांचे १९५७ चे एक कन्नड पत्र आहे. ते सरकारी कचेरीत कारकून होते. राज्याची वाटणी झाली तेव्हा कर्मचाऱ्यांचीही वाटणी झाली. एक भाऊ गुलबर्ग्याला गेला, एक हैदराबादेत राहिला. पत्रात तक्रार नाही. नव्या जागी फायली कोणत्या भाषेत लिहाव्यात, याचा गोंधळ तेवढा आहे. माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले असल्याने कन्नड मी बोलतो चांगले, वाचतो सावकाश. त्या पत्राला मला दोन संध्याकाळी लागल्या. पण १ नोव्हेंबर १९५६ ही परीक्षेपुरती तारीख त्या दोन संध्याकाळींनंतर माझ्यासाठी निराळी झाली.

कागद कसे मरतात, कसे वाचतात

जुन्या कागदांचे शत्रू बहुधा घरातलेच असतात. मोडी कागद काजळाच्या शाईने लिहिलेले असत; ती शाई शतके काळीभोर राहते. नंतर आलेल्या लोहयुक्त शाईत आम्ल असते. ती हळूहळू कागद खाते आणि अक्षरांच्या जागी भोके पडतात. एकोणिसाव्या शतकातील पुष्कळ फोटो अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावर छापलेले असत; उजेडाने ते पिवळे पडतात. पत्राची घडी पुन्हा पुन्हा उघडली की ती घडीवरच फाटते. मग आपण तिला चिकटपट्टी लावतो, आणि काही वर्षांत पट्टी निघून जाते व तपकिरी डाग कायमचा राहतो. लॅमिनेशन तर कधीच करू नये, कारण ते परत काढता येत नाही. कागद कोरड्या जागी, उन्हापासून दूर, सुती कापडात किंवा साध्या आम्लरहित कागदात ठेवावेत. काचेची निगेटिव्ह आडवी रचू नये, कागदी पाकिटात घालून लांब कडेवर उभी ठेवावी. फोटो हाताळताना कडेला धरावा.

हल्ली प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, त्यामुळे प्रत काढणे सोपे झाले आहे. परंतु प्रत काढताना बहुतेक जण फोटोचा दर्शनी भागच टिपतात. मागची बाजू, पुठ्ठ्यावरचा स्टुडिओचा ठसा, पाकीट व त्यावरचा पोस्टाचा शिक्का हेही टिपले पाहिजे. व्हाउचरची सही कापून उरलेला कागद जपण्यात काय अर्थ?

आपण काय करू शकतो

हे सारे इतिहास विभागाचे काम, असे कोणी म्हणेल. पण उर्दू, मोडी, मराठी, कन्नड, तेलुगू आणि इंग्रजी या सर्वांत विखुरलेले दप्तर वाचण्यास एकटा इतिहासकार पुरा पडणार नाही. त्यासाठी दोन भाषा जाणणारी माणसे हवीत, आणि आपल्या महाविद्यालयात तर अशांचीच संख्या अधिक आहे. हमी करार समजण्यास वाणिज्यचा, तलावाचे गणित समजण्यास विज्ञानाचा आणि पत्रातील भाषा समजण्यास कला शाखेचा विद्यार्थी उपयोगी पडेल.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. येत्या दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येकाने घरातील एकच जुना फोटो घ्यावा. घरातल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीजवळ बसावे आणि चार प्रश्न विचारावेत : कोण, कोठे, केव्हा आणि कशानिमित्त. उत्तरे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, फोटोच्या मागे कडेला लिहावीत, शाईने नव्हे. ज्याचे उत्तर मिळाले नाही तेथे प्रश्नचिन्ह करावे, अंदाज ठोकून देऊ नये. त्याच काळातले एखादे पत्र, पावती, पगारपत्रक सापडले तर ते त्याच पाकिटात ठेवावे. सुट्टीनंतर या नोंदींची एक वही ग्रंथालयात करता येईल. एका पानावर मराठी, समोरच्या पानावर कन्नड. तिच्यासाठी प्राध्यापकांनी एक कपाट आणि थोडा वेळ द्यावा, अशी नम्र विनंती आहे.

आमच्या फोटोतील एकतीस जणांपैकी आतापर्यंत सात जणांची नावे मिळाली आहेत. आत्यांनी पाच सांगितली, दोन त्या पोस्टकार्डांत होती. पुढच्या रांगेतील लहान मुलांपैकी एक जण आत्यांच्या ओळखीचा निघाला. त्यांची मुले नांदेडला असतात असे कळले. त्यांना पत्र लिहिले आहे. उरलेले चोवीस अजून बिननावाचे आहेत, आणि ज्यांना ती नावे आठवतील अशी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. तेव्हा हे काम पुढच्या वर्षावर टाकू नये, इतकेच सांगून लेख पुरा करतो.